जुन्नरला गौरी-गणपतीसाठी इलेक्ट्रिक गाडी न्यायची आहे, चार्जिंगचं काय करावं?

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे टियागो ईव्ही आहे, २४ युनिटच्या बॅटरीची. नवऱ्याचं रोजचं हिंजवडी, माझी मंडई, लेकीचे क्लास, एवढ्यात तिने कधी कुरकुर केली नाही. सोसायटीत आमच्या पार्किंगला पॉइंट आहे. रात्री लावली की सकाळी भरलेली. बाहेरच्या चार्जरशी संबंध म्हणजे मॉलमध्ये गंमत म्हणून लावून पाहिली, तेवढाच.

आता गौरी-गणपतीला हीच गाडी घेऊन सासरी जुन्नरला जायचंय. नाशिक फाटा, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि तिथून डावीकडे आत. घरापासून शंभरेक किलोमीटर धरा. गाडीत आम्ही दोघं, लेक, सासूबाई. डिकीत मुखवटे, गौरींच्या साड्या आणि फराळाचे पत्र्याचे डबे. एवढं वजन आणि एसी धरला तर गाडी एका चार्जमध्ये १६०-१७० किलोमीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे पोचायची काळजी नाही, पण न भरता परत येणं शक्य नाही. शिवाय मधल्या दिवसांत ओझर, लेण्याद्री होणारच, आणि आपटाळ्याला चुलत सासऱ्यांकडे हळदीकुंकवाला जायचंय.

फोनमध्ये चार्जर शोधायची तीन अ‍ॅप घेतली. तिन्हीत टिंब वेगवेगळ्या जागी. एका टिंबाच्या फोटोत मशीनवर चक्क ताडपत्री दिसतेय. एका कंपनीच्या नंबरवर फोन केला, तर उचलणाऱ्याने मलाच विचारलं, जुन्नर कुठे आलं, पिनकोड सांगा.

तर जुन्नर-नारायणगाव भागात सणाच्या दिवसांत सार्वजनिक चार्जरवर विसंबून जावं का? की दुसरं काही करता येईल? नवरा म्हणतो दिराची पेट्रोल गाडी मागून घेऊ. मी म्हणते, मग ही घेतली कशाला?

मोशीकर

ताई, सणावाराला प्रयोग नको. सरकारने २०१८ लाच सांगितलंय की हायवेला दर २५ किलोमीटरवर चार्जर पाहिजे. कागदावर सगळं छान असतं. आणि चाकणच्या तळेगाव चौकात गणपतीच्या आदल्या दिवशी दोन-दोन तास जातात. तुमची बॅटरी तिथेच बसायची. दिराची गाडी घ्या, आरतीला वेळेवर पोचा.

वायरमन_जुन्नर

मोशीकर दादा, चाकणचं तेवढं मनाला लावून घेऊ नका. गाडी उभी असताना मोटर काही खात नाही, खातो तो एसी. ताशी एखादं युनिट धरा. दोन तास अडकलं तरी दोन युनिट, म्हणजे पंधराएक किलोमीटर. या गाडीला चाकण मारत नाही, मंचरच्या पुढे मोकळा रस्ता दिसला की जो पाय शंभरच्या वर जातो तो मारतो. ताई, ऐंशीवर ठेवा. जुन्नरात ४० टक्के शिल्लक घेऊन उतराल.

मी जुन्नरात इलेक्ट्रिकची कामं घेतो. बंगले, दुकानं, द्राक्षवाल्यांच्या मोटारी. हल्ली गाडीचे पॉइंट काढायची कामं येतात. निम्मी कामं सणाच्या आधीच्या आठवड्यात: "पोरगा पुण्याहून गाडी घेऊन येतोय, कायतरी करून द्या." म्हणून सांगतो, तालुक्याच्या गावात चार्जर शोधत बसू नका, सॉकेट शोधा. जलद चार्जर लागतो तो वाटेवर, तासाभरात पुढे निघायचं असतं तिथे. जिथे मुक्काम आहे तिथे गाडी रात्रभर उभीच आहे की. गाडीबरोबर पंधरा अँपिअरचा जो चार्जर मिळतो तो ताशी तीनेक युनिट भरतो. ४० टक्क्यांवर आलेली गाडी भरायला पंधराएक युनिट लागतील. रात्री लावली तर पहाटेपर्यंत काम झालं.

आता सॉकेटचं. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच नसते. नाहीतर हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि तिथे गुंडाळून ठेवलेली असते. फ्रीज चालतो, गिझर चालतो, वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नसतो. गाडीचा चार्जर मात्र सुरू व्हायच्या आधी अर्थिंग तपासतो. नसलं की लाल दिवा लावून बसतो. मग घरात बोंब, गाडी बिघडली. गाडी धडधाकट असते, घर बिघडलेलं असतं.

निघायच्या आधी सासऱ्यांना सांगून वायरमन बोलवा, मीच पाहिजे असं काही नाही. मीटरपासून थेट चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वीसचा एमसीबी, तीस मिलीचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगल्या कंपनीचं सोळा अँपिअरचं सॉकेट. अर्थिंगला अंगणात खड्डा, जीआय पाइप, कोळसा-मीठ किंवा तयार पावडर. आकडा पाच ओहमच्या आत आला पाहिजे, आणि तो मीटर लावून दाखवायला सांगा. "झालं ताई, एक नंबर" यावर पैसे देऊ नका.

बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघा. जुन्या घरांचा बऱ्याचदा अगदीच कमी असतो आणि ही गाडी एकटी तीन किलोवॅट ओढते. महावितरणकडे अर्ज करून वाढवून घेता येतो. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी भरायला वेगळं कनेक्शन लागत नाही, घरगुती दरच लागतो. फक्त १०० युनिटच्या वर आणि ३०० च्या वर दराची पायरी बदलते. तेव्हा सासऱ्यांना बिलाची कल्पना आधीच देऊन ठेवा. नाहीतर गौरी गेल्यावर विषय निघतो.

पहिल्या रात्री लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथेच बंद. एका घरी गेलो तर पाहुण्याने मिक्सरच्या एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावलेली. पिन तपकिरी पडलेली, भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक पापडासारखं फुगलेलं. घरातल्या आजी उंदीर मेलाय म्हणून कपाटामागे शोधत होत्या. तो वास बोर्डाचा होता. आणि चार्जरचा डबा जड असतो, तो सॉकेटला लोंबकळत ठेवला की पिना सैल होतात आणि तापतात. शेजारी खिळा मारून त्याला टांगा.

गणपतीची एक खास गोष्ट. पेठेतल्या मंडळांची रोषणाई आणि स्पीकर त्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असतात ज्यावर तुमचं घर. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, चार्जिंग रांगतं नाहीतर मध्येच तुटतं. आरत्या आटोपल्या, मंडप शांत झाला, की मग लावा.

वाटेवरचा एखादा जलद चार्जर तरीही हाताशी ठेवा. पण टिंब बघून नको. पुणे-नाशिक रस्त्याला खेड (म्हणजे राजगुरुनगर), मंचर, नारायणगाव या सगळ्यांना आता बायपास झालेत. अ‍ॅपमध्ये "हायवेवर" लिहिलेला चार्जर कित्येकदा गावातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर असतो. तुम्ही बायपासला लागलात की तो बाजूला राहून जातो, मग पुढून वळून या. त्यामुळे कुठून आत शिरायचं ते आधी ठरवा. अ‍ॅपमध्ये सीसीएस टू (तुमच्या गाडीला बसणारा जलद चार्जिंगचा प्लग) एवढंच निवडा. सुरुवातीच्या काळातली १५ किलोवॅटची काही मशीन अजून नकाशावर आहेत, त्यांची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, तुमच्या गाडीला बसत नाही. आणि ७.४ किलोवॅटचा एसी खांब (घरच्यासारखीच वीज देणारा, जलद नसलेला चार्जर) दिसला तर आपल्या गाडीच्या आत कोणता चार्जर आलाय ते कागदावर बघा. आतला ३.३ चा असेल तर मोठ्या खांबाला लावूनही गाडी घरच्याच वेगाने भरणार.

फोन कंपनीला नको, ज्या हॉटेलच्या आवारात मशीन आहे त्याच्या गल्ल्यावर करा. "चार्जर चालू आहे का" असं विचारलंत तर तो हो म्हणणार, त्याला गिऱ्हाईक पाहिजे. "आज कुणी गाडी लावली होती का" असं विचारा.

मशीन मेलेलं दिसलं तर लगेच परत फिरू नका. समोर एक लाल बटण असतं, येता-जाता पोरं दाबून जातात. ते फिरवलं की टक्कन वर येतं आणि मशीन दोन-तीन मिनिटांत जागं होतं. पण लाइट गेली असेल तर विषय संपला. हॉटेलचा जनरेटर भटारखाना आणि दिवे चालवतो, चार्जरला तो पुरत नाही. ८० टक्के झाले की गन काढा. पुढचं फार हळू भरतं आणि मागे कुणीतरी थांबलेलं असतं.

चेतकवाला

आमचं सोपं आहे राव. स्कूटर जुन्नरातच फिरते, रात्री ओट्यावर घरच्या साध्या प्लगला लावतो. आळीत तीन-चार झाल्यात आता. पेट्रोल पंपाची रांग विसरलोय. गाडीवाल्यांचंच एवढं रामायण कसं काय?

कोथरूडकरीण

वायरमन दादा, एवढं सगळं आम्हाला शोरूममध्येही कुणी सांगितलं नव्हतं. प्रिंट काढून नवऱ्याला दिलंय.

पण आमची खरी अडचण वेगळीच आहे. सासरचं घर जुन्या पेठेत, बोळाच्या आत. बोळात दोन दुचाकी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं. चारचाकी लागते ती बोळाच्या तोंडाशी, देवळाच्या भिंतीला. तिथपर्यंत घरातून वायर ओढायची म्हणजे पाच घरांची दारं ओलांडायची, तीही पावसात.

चुलत सासऱ्यांचं आपटाळ्याला मळ्यात घर आहे, दारात चार गाड्या लागतील एवढी जागा. ते म्हणतात, "खुशाल इथं आणून लाव सूनबाई, मोटरीचं थ्री फेज आहे, आणि आपल्याला वीज फुकट आहे." चालेल का?

वायरमन_जुन्नर

बोळातून वायर अजिबात नको ताई. कुणी पाय अडकून पडलं तर ते एक, आणि जोड भिजला तर दुसरं.

मळ्याचं नीट ऐका. काकांना म्हणावं प्रेम पोचलं, पण शेतीपंपाच्या मीटरवर गाडी लावायची नाही. साडेसात एचपीपर्यंतची मोफत वीज २०२४ पासून आहे, ती पंपासाठी. एका कामासाठी दिलेली वीज दुसऱ्याला वापरली तर वीज कायदा २००३ चं १२६ कलम लागतं आणि आकारणी काकांच्या नावावर निघते. तुम्ही दोन दिवस गाडी भरून पुण्याला जाणार, कचेरीचे खेटे त्यांनी घालायचे? शिवाय शेतीच्या फिडरला थ्री फेज पाळीने असतं, एका आठवड्यात दिवसा, एका आठवड्यात रात्री. तुमच्या सोयीने नाही मिळत.

पण मळ्यात राहतं घर आहे म्हणजे घरगुती मीटरही असणार. तो चालतो. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. खांबापासून घरापर्यंत आलेली सर्व्हिस वायर लांबची असते, बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमची, मध्ये दोन ठिकाणी पिळे मारून जोडलेली. ओढ वाढली की तोच पिळा तापतो. तो जोड नीट करून घ्या. आणि चार्जरला करंट कमी करायची सोय असेल तर आठ-दहा अँपिअरवर ठेवा. हळू भरेल, पण रात्र मोठी आहे. अर्थिंगचं वर सांगितलंय तेच. मळ्यात खड्डा खणायला जागा मुबलक आणि जमीन ओली, तिथे अर्थिंग वाड्यापेक्षा चांगलं लागतं.

हळदीकुंकवाला जाणारच आहात, तर त्याच दिवशी मुक्काम करा आणि गाडी भरून आणा. ओझर-लेण्याद्री त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. चेतकवाले दादा, तुमची बॅटरी तीन-साडेतीन युनिटची, यांची चोवीसची. म्हणून रामायण.

लेण्याद्री_मुक्काम

ताई, आमचं लेण्याद्रीच्या पायथ्याजवळ छोटं कृषी पर्यटन आहे. चार खोल्या. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी शेडमध्ये सोळा अँपिअरची दोन सॉकेट काढली आहेत, अर्थिंगसकट. देवदर्शनाला याल तेव्हा गाडी आमच्याकडे लावा, पायऱ्या चढून-उतरून या, पिठलं-भाकरी जेवा. तीन-चार तासांत दहाएक युनिट पडतील. सणात येणार असाल तर आधी कळवा.

वायरमन दादा, आम्हालाही एक विचारायचंय. पाहुण्यांकडून युनिटमागे पैसे घ्यायला लायसन लागतं का? शेजारचा म्हणतो वीज विकणं गुन्हा आहे. आणि एक माणूस येऊन जलद चार्जर बसवा म्हणून मागे लागलाय. म्हणतो जुन्नर २०१८ लाच पर्यटन तालुका झालाय, आता गाड्यांची रीघ लागणार.

वायरमन_जुन्नर

लायसन लागत नाही. गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे, असा खुलासा केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केलाय. पण रोजचा धंदा म्हणून करणार असाल तर महावितरणकडे चार्जिंग स्टेशनचा वेगळा वर्ग आहे, त्यात मीटर घ्या. घरगुती मीटरवरून गिऱ्हाइकांना पैसे लावून गाड्या भरू नका. आत्ता खोलीच्या भाड्यात धरताय तसं चाललं तर डोक्याला ताप कमी.

जलद चार्जरच्या माणसाला चहा पाजून पाठवा. ३० किलोवॅटचं मशीन म्हणजे तेवढा भार मंजूर करून घ्यायचा, तुमची आताची लाइन त्याला पुरायची नाही, डीपीचा खर्च कुणाच्या गळ्यात पडतो ते आधी विचारा. लेण्याद्रीला गर्दी शनिवार-रविवार आणि चतुर्थीला. मंगळवारी दुपारी तुमच्या आवारात मशीन आणि कुत्रं, एवढेच. स्थिर आकार मात्र महिनाभर लागतो. हायवेवरच्या हॉटेलाला ते परवडतं, कारण तिथे चोवीस तास गाड्या वाहतात. तिथे युनिटला वीस रुपयांच्या आगेमागे घेतात, वर १८ टक्के जीएसटी, आणि घाईतला माणूस देतोही. तुमच्याकडे येणारा माणूस रात्रभर राहतो, त्याला घाई कुठे आहे? सॉकेट दोनाची चार करा. जमलं तर एखादा ७.४ चा खांब लावा. उपमीटर वेगळं ठेवा म्हणजे कुणी किती भरलं यावरून वाद नाही.

मोशीकर

लाल बटणाची माहिती नवीन आहे. मी शिक्रापूरला एकदा मेव्हण्याच्या गाडीसाठी मशीन बंद म्हणून परत फिरलो होतो, बहुतेक तेच असणार. तरी माझं मत कायम, सणाला पेट्रोल.

कोथरूडकरीण

मोशीकर दादा, तुमचं मत आणि आमच्या ह्यांचं मत एकच आहे, पण घरात आता मतदान झालंय. सासूबाई माझ्या बाजूने, कारण दिराच्या गाडीत त्यांना पेट्रोलच्या वासाने मळमळतं.

आपटाळ्याला फोन केला. काकांचा घरगुती मीटर वेगळा आहे. सर्व्हिस वायरला मध्ये जोड आहेत का विचारलं तर म्हणाले, "एक आहे, वडिलांच्या वेळचा." उद्या तिथल्या वायरमनला बोलावताहेत, अर्थिंग मोजायच्या मीटरसकट ये असं बजावून सांगायला लावलंय. लेण्याद्रीवाल्यांना निरोप टाकलाय. येताना मंचरच्या एका हॉटेलच्या गल्ल्यावर फोन करून ठेवलाय, त्याने "सकाळीच एक गाडी भरून गेली" असं सांगितलं. म्हणजे न विचारताच खरं बोलला.

दादा, शेवटचं एक. मळ्यात गाडी अंगणात उघड्यावर राहणार आणि पाऊस असणार. रात्रभर लावलेली चालेल ना?

वायरमन_जुन्नर

गाडीकडची गन पावसात चालते, ती त्यासाठीच बनवलीय. भिंतीकडचं सॉकेट आणि चार्जरचा डबा मात्र पडवीत छपराखाली पाहिजे. केबल जमिनीवरून नेताना डबकं टाळा आणि गोठ्याच्या वाटेवर टाकू नका, म्हशीला वायर कळत नाही. विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवा.

आणि मध्यरात्री किती टक्के झालं बघायला टॉर्च घेऊन अंगणात जाऊ नका. फोनवर बघा. आपटाळ्याच्या त्या बाजूला ऊस आहे आणि बिबट्याला गाडी इलेक्ट्रिक आहे का पेट्रोलची याचं काही देणंघेणं नाही.